उजनीकाठी घर घ्यायचंय? मग जागा मे महिन्यात पाहा

बारामती-इंदापूरहून समुद्र लांब, मध्ये सगळा सह्याद्री. तरीही पाण्याकाठी एक छोटं घर असावं, ओसरीत बसलं की समोर पाणी दिसावं, ही हौस इकडच्या माणसाला भागवता येते ती उजनीच्या फुगवट्यावर. भिगवणपासून पुढं डिकसळ, कुंभारगाव, डाळज, पळसदेव, गंगावळण, कळाशी, अगोती असा इंदापूर तालुक्याचा उत्तर काठ पसरलेला आहे. पुणे-सोलापूर महामार्ग जवळून जातो, भिगवणला रेल्वे स्टेशन आहे, बारामती तासाभराच्या आत. त्यामुळं ‘पाण्याला लागून’, ‘बॅकवॉटर टच’, कधी तर ‘चारी बाजूंनी पाणी’ अशा शब्दांत या काठाच्या जाहिराती होतात.

असं घर घ्यायला हरकत काहीच नाही. मात्र धरणाकाठची जागा गावातल्या किंवा शहरातल्या जागेसारखी पाहून चालत नाही. इथं पहिला प्रश्न भावाचा नसतो. पाणी कुठपर्यंत येतं, कुठपर्यंत जातं आणि त्या दोन रेघांमधली जमीन कुणाची, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर कागदावर मिळालं तरच पुढच्या गोष्टींना अर्थ आहे.

वर्षातून एकदा येणारी भरती-ओहोटी

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, त्यामुळं कोकणात घर पाहायला गेलेल्याला भरती-ओहोटी एका मुक्कामात कळते. उजनीचं चक्र वर्षाचं आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरतं. मग कालव्यांना, नदीला, सोलापूरच्या पिण्याला पाणी सुटत राहतं आणि जूनच्या तोंडाला ते तळाला जातं.

इंदापूरचा स्वतःचा पाऊस बेताचाच. धरण भरतं ते वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्यातल्या मावळपट्टीत पडणाऱ्या पावसानं. म्हणून काठावरची माणसं आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहत नाहीत, ‘दौंडचा विसर्ग किती?’ असं विचारतात. इकडं कोरडं ठाक ऊन असताना दोन दिवसांत पाणी बांधाला लागलेलं दिसू शकतं.

आता आकडे पाहू. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास, बाकीचा मृतसाठा. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर, आणि उपयुक्त साठा संपतो ती पातळी सुमारे 491 मीटर. म्हणजे शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत पाणी उभं मोजलं तर जेमतेम सहा मीटर उतरतं, दोन मजली घराच्या उंचीइतकं. ऐकायला कमी वाटतं, पण उजनीचा काठ उताराचा नाही, पसरट आहे. शंभर फुटाला एक फूट असा उतार असेल तर सहा मीटर उतरलेलं पाणी सहाशे मीटर लांब जातं. दोनशे फुटाला एक फूट असेल तर सव्वा किलोमीटरच्या घरात.

शून्य टक्के हा काही शेवट नव्हे. मृतसाठ्यातूनही पाणी घेतलं जातं. 2023 चा पाऊस अपुरा पडला आणि 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. अशा वर्षी पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं आणि ते पाहायला गर्दी लोटते. त्याच वेळी ‘वॉटर फ्रंट’ म्हणून घेतलेल्या घरासमोर भेगाळलेला गाळ, वाळलेली जलपर्णी आणि बाभळीची झुडपं असतात. उलट चांगल्या पावसाच्या वर्षी धरण शंभराच्या पुढं, एकशे दहा टक्क्यांपर्यंत भरून ठेवलं जातं.

म्हणून जागा दोनदा पाहा, एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि एकदा मे महिन्यात. विकणारा साहजिकच पाणी भरलेलं असताना बोलावतो. वर्षभर थांबणं शक्य नसेल तर उपग्रहाच्या नकाशांवर त्याच जागेची जुनी, वेगवेगळ्या महिन्यांतली चित्रं पाहता येतात. त्यात 2024 चा मे महिना आवर्जून शोधा.

मधली जमीन कुणाची?

धरणासाठी जमीन संपादित झाली ती एका ठरलेल्या रेषेपर्यंत. त्या रेषेच्या आत जे आहे ते जलसंपदा विभागाचं, तिथं पाणी असो वा नसो. पाणी ओसरलं की गाळाची जी जमीन मोकळी होते, तिला गाळपेर म्हणतात. तिथं हंगामापुरती पिकं घेतली जातात आणि ती प्रामुख्यानं प्रकल्पग्रस्तांना तात्पुरत्या कसण्यासाठी देण्याची पद्धत आहे. वर्षानुवर्षं कसणाऱ्याला ती आपलीच वाटू लागते. खरेदीदाराला तर हिरवंगार पीक दिसतं, शेजारी मोटार दिसते आणि कुणीतरी ‘ही आमचीच’ म्हणून सांगतो. पण गाळपेर विकता येत नाही. ती घेतलीत तर तुमच्या हातात काहीच येत नाही.

याहून फसवा प्रकार कागदावरचा आहे. संपादनानंतर मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक तयार व्हायला हवं आणि त्याप्रमाणे सातबाऱ्यावरचं क्षेत्र घटायला हवं. ते वेळेवर झालं नसेल तर संपादित क्षेत्र जुन्या मालकाच्या नावावर तसंच दिसत राहतं. सातबारा खरा, मालक खरा, सहीही खरी, पण जमीन सरकारची. म्हणून सातबाऱ्यावर थांबू नका. भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल, त्या गटातून किती क्षेत्र गेलं त्याची नोंद आणि कमी-जास्त पत्रक, हे तीन कागद मागा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या आणि संपादन रेषा जागेवर खुणा करून दाखवायला सांगा. धरण व्यवस्थापनाचं कार्यालय भीमानगरला आहे. आपला गट संपादन रेषेच्या बाहेर आहे का, याचं लेखी उत्तर तिथं अर्ज करून मागता येतं.

‘बेट’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जागांना हीच कसोटी दुप्पट कडकपणे लावा. धरण भरलं की काही उंचवटे पाण्यानं वेढले जातात, उन्हाळ्यात ते पुन्हा काठाला जोडले जातात. असा उंचवटा खासगी मालकीचा असला तरी त्याच्याकडं जाणारी वाट संपादित जमिनीतून म्हणजे पाण्याखालून जाते. तिथं सहा महिने होडीशिवाय पोचता येत नाही. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून कळाशीकडं येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. वळवाच्या दिवसांत या पाण्यावर वारा किती अचानक उठतो ते काठावरच्या कुणालाही विचारा. ज्या घरातून आजारी माणसाला रात्री दवाखान्यात नेता येणार नाही, ते घर कितीही देखणं असलं तरी सोडून द्या.

सातबाऱ्यावर काय वाचायचं

गाव नमुना सातवर आधी भूधारणा पद्धत पाहा. भोगवटादार वर्ग-1 असेल तर मालकाला विकण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे मोकळा असतो. वर्ग-2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. उजनीकाठी हे फार महत्त्वाचं, कारण धरणात गावंच्या गावं उठली आणि विस्थापितांना पर्यायी जमिनी, घरांसाठी प्लॉट मिळाले. त्या वाटपाला शर्ती असतात. ‘इतर हक्क’ या रकान्यात पुनर्वसनाचा, नवीन शर्तीचा किंवा ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा असेल तर आधी परवानगी किंवा शेरा उठल्याचा आदेश पाहा, मगच बोलणी करा. ‘खरेदीनंतर करून देतो’ या आश्वासनावर विसंबून इसार देऊ नका.

त्याच रकान्यात सोसायटीचा आणि बँकेचा बोजा, उपसा सिंचन योजनेचं कर्ज, कुळाचं नाव, न्यायालयातल्या दाव्याची नोंद सापडते. जुने फेरफार निघतील तितके मागं जाऊन काढा. वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

या भागातले बरेच व्यवहार अडतात ते वारसांवर. बापाच्या पश्चात भावांची नावं लागलेली असतात आणि बहिणींची राहिलेली, किंवा नावं असूनही सही कुणी विचारलेली नसते. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यामुळं ‘बहिणींचं आम्ही बघून घेऊ’ हे वाक्य ऐकलं की तिथंच थांबा. एक तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा, नाही तर बहिणींना खरेदीखतावर सही करायला आणा, एवढंच सांगा.

नोटरी केलेल्या साठेखतानं किंवा कुलमुखत्यारपत्रानं मालकी येत नाही. ती येते दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेल्या खरेदीखतानं. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातली किंमत यांतली जी जास्त तिच्यावर बसतं. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार रुपये. हा खर्च वाचवण्यासाठी कमी किमतीचं खत करणं पुढं तुमच्याच अंगाशी येतं.

दोन गुंठ्यांचा मोह

छोटं घर म्हटलं की दोन-तीन गुंठे पुरे, असं वाटणं साहजिक आहे. कायदा इथंच आडवा येतो. शेतजमीन घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणं बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. शिवाय 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे असं खाली आणलं. त्याहून लहान तुकडा शेती म्हणून घेतला तर फेरफार अडतो. 2025 मध्ये निवासी क्षेत्रांसाठी यात सवलती आल्या, पण आपला गट त्यात बसतो का, हे एजंटाच्या तोंडून नको, तहसील कार्यालयातून लेखी कळू द्या. बिनशेतीच्या नियमांतही अलीकडं वरचेवर बदल होत आहेत. दोन वर्षांपूर्वी मित्रानं कसं केलं, याचा दाखला आज चालेलच असं नाही.

यावर काढलेली पळवाट म्हणजे दहाजणांनी मिळून एक गट घ्यायचा, सातबाऱ्यावर सामाईक नावं लावायची आणि आपापसात दोन-दोन गुंठे वाटून घ्यायचे. पुढं एकानं विकायचं म्हटलं, कर्ज काढायचं म्हटलं किंवा एकाचा मृत्यू झाला, तर उरलेल्या नऊजणांची गाठ पडते. पाण्याकडची बाजू कुणाची, यावर तर पहिल्याच वर्षी वाद होतो.

मग सरळ मार्ग कोणते? तीन आहेत.

पहिला, शेतकरी असाल तर शेतजमीन घेऊन तिच्यावर शेतघर बांधणं. त्यासाठी साधारण 0.4 हेक्टर, म्हणजे चाळीस गुंठे क्षेत्र लागतं आणि बांधकामाच्या क्षेत्रालाही मर्यादा असते. हे शेतीला पूरक घर आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरा, रीतसर बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन असलेला प्लॉट. इथं आदेशाची प्रत, रेखांकनाचा नकाशा आणि आपल्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा, तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते पाहा. ‘एनए प्रपोज्ड’ याचा अर्थ अजून बिनशेती झालेली नाही, एवढाच.

तिसरा मार्ग लोकांना पटकन सुचत नाही, तो गावठाणातल्या जुन्या घराचा. जुन्या गावांपैकी जी पाण्यावर उंचावर राहिली त्यांच्या गावठाणात दोन खणांची, धाब्याची किंवा पत्र्याची घरं विकायला निघतात. तिथं शेतकरी असण्याची अट नाही, तुकडेबंदी नाही. रस्ता, वीज, नळ जवळ असतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा मिळतो. मात्र तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. म्हणून स्वामित्व योजनेत मिळालेली मिळकत पत्रिका किंवा सनद आहे का ते विचारा. नव्यानं वसवलेलं गावठाण असेल तर प्लॉट वाटपाच्या शर्ती वाचा. पाणी ओसरीतून दिसणार नाही, पाच मिनिटं चालावं लागेल. पण एकट्यादुकट्यानं किंवा निवृत्तीनंतर राहायचं असेल तर शेजार हीच तिथली मोठी सोय आहे.

रस्ता, वीज, पिण्याचं पाणी

रस्ता जागेवर दिसतो म्हणून कागदावर असतोच असं नाही. गाव नकाशात तो पाणंद किंवा शिवरस्ता म्हणून आहे का ते पाहा. नसेल तर कुणाच्या बांधावरून जातो, त्याची लेखी संमती खरेदीखतात घ्या. बांधावरून वाट मागण्याची सोय जमीन महसूल संहितेच्या कलम 143 मध्ये आहे, पण ती शेतजमिनीसाठी आणि तहसीलदारांकडं दावा चालवून. घर घेतल्यावर शेजाऱ्याशी पहिली ओळख अशा दाव्यानं होऊ नये. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी या वाटांची काय दशा होते, तेही पाहून ठेवा.

समोर अथांग पाणी असलं तरी ते तोंडात घालण्याजोगं नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून इथंच येतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला हिरवी साय येते, वास मारतो, डास वाढतात. पिण्यासाठी ग्रामपंचायतीचा नळ किंवा शुद्धीकरणाची सोय लागेलच. विंधन विहीर घेतलीत तर पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. धरणातून मोटारीनं पाणी उचलायला जलसंपदा विभागाचा परवाना लागतो. टंचाईच्या वर्षी काठावरच्या कृषिपंपांची वीज कमी केली जाते, म्हणून घराची जोडणी स्वतंत्र घरगुती मीटरवर घ्या.

पोहण्याची हौस आवरा. वाळूउपशानं काठाजवळ खोल खड्डे पडले आहेत आणि वरून पाणी सपाट दिसतं. गाळात पाय रुतला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सुटता येत नाही. मुलांना ही गोष्ट पहिल्या दिवशीच सांगा.

बांधताना

इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर उथळ पाया घेतलात तर दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंतीला भेग दिसेल. पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्या, कॉलम घेऊन प्लिंथ बीमनं बांधा, भराव मुरुमाचा करा. जोत्याची उंची ठरवताना गावातली जुनी माणसं पुराची कुठली खूण सांगतात ते विचारा आणि सर्वेक्षकाकडून 496.83 ची रेषा आपल्या प्लॉटपासून किती खाली आहे ते मोजून घ्या. बांधकाम परवानगीच्या आधी पूररेषेचं आणि जलाशयालगतच्या बांधकामाचं बंधन लागू आहे का, याचं उत्तर जलसंपदा आणि नगररचना या दोन्ही कार्यालयांकडून घ्या.

इंदापूर काठावर पाणी उत्तरेला आहे, ही घरासाठी चांगली गोष्ट. ओसरी पाण्याकडं काढली तर ती बहुतेक वेळ सावलीत राहते. ऊन सोसावं लागतं ते पश्चिमेच्या भिंतीला, तिकडं मोरी, कोठी, जिना ठेवा आणि झाड लावा. दारं-खिडक्यांना जाळी हवीच. ऊस आणि पाणी जवळ म्हणजे नाग-घोणस आलेच. उंबऱ्याला फट ठेवू नका, अंगणात दिवा ठेवा आणि सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतं ते आधीच विचारून ठेवा.

पाहुण्यांच्या भरवशावर हप्ता नको

‘आपण नसताना भाड्यानं देऊ, रोहित पक्षी पाहायला लोक येतातच’ हा हिशेब जाहिरातीत हमखास असतो. लोक येतात हे खरं. कुंभारगाव-डिकसळला हिवाळ्यात पहाटेपासून होड्या निघतात आणि दुपारी चिलापीच्या थाळीला रांग लागते. भादलवाडीच्या तळ्यावर चित्रबलाकांची वीण पाहायला वेगळे लोक येतात. पण रोहित पक्ष्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. धरण तुडुंब राहिलं तर उथळ जागा उशिरा उघड्या पडतात, पक्षी उशिरा येतात, कमी येतात. म्हणजे ज्या वर्षी तुमच्या ओसरीसमोर पाणी छान, त्या वर्षी पक्ष्यांचा हंगाम पातळ. हंगामही डिसेंबर ते मार्च एवढाच. त्या उत्पन्नावर कर्जाचा हप्ता बेतू नका.

तरी पाहुणे ठेवायचे असतील तर पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करा. शेती असेल तर राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात बसतं का ते पाहा. बारामती तालुक्यात पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी उभं केलेलं कृषी पर्यटन केंद्र जवळच आहे. अशा कामाला रोजची माणसं, स्वयंपाक, स्वच्छता किती लागते ते तिथं एक दिवस राहून समजेल. होडी मात्र स्वतः चालवायला जाऊ नका. ते काम इथल्या मच्छीमारांचं, त्यांना पाण्यातले खड्डे आणि वाऱ्याचे दिवस माहीत असतात.

सौद्याचा क्रम

आधी निवाडा, कमी-जास्त पत्रक आणि सरकारी मोजणी. मग भूधारणा, शेरे, वारस. त्यानंतर आपण घेत असलेली जागा शेती, बिनशेती की गावठाण, आणि त्यावर घर बांधता येतं का. मग रस्ता. या चारांपैकी एकाचंही उत्तर लेखी मिळत नसेल तर इसार देऊ नका. भावाची बोलणी सगळ्यात शेवटी.

हे करायला दोन-चार महिने जातील. तेवढ्यात भिगवण किंवा पळसदेवला एखादी खोली भाड्यानं घेऊन सुट्ट्यांना राहून पाहा. पुण्याहून शनिवारी निघण्याचा उत्साह किती टिकतो, एप्रिलची दुपार सोसते का, घरच्यांचं मन रमतं का, हे कुठल्याच कागदावर मिळत नाही. आणि हे सारं पार पडूनही जागा मनात भरलेलीच असेल, तर किमतीची बैठक मे महिन्यात, त्याच जागेवर घ्या. समोर गाळ असताना जी किंमत तुम्हाला परवडेल असं वाटेल, तीच त्या घराची खरी किंमत. पावसाळ्यानंतर दिसणाऱ्या पाण्यासाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही, ते पाणी विकणाऱ्याच्या मालकीचं नाही.